ताटापुढचे परीक्षक

अन्नाविषयी मत नसलेला मनुष्य अद्याप आमच्या पाहण्यात आलेला नाही. भाताच्या दराविषयी किंवा शाळेच्या कारभाराविषयी बोलताना माणूस थोडा तरी कचरतो. परंतु आमटी पातळ झाली, कालवणाला कोकम कमी पडले, बेळगावच्या अमक्या हॉटेलातील मटणाची सर घरच्या मटणाला नाही, हे निकाल तो पहिला घास गिळण्यापूर्वीच देऊन मोकळा होतो. यात नवे काही नाही. ताटावरून रुसणारे आमच्या आजोबांच्या पिढीतही होतेच. नवे आहे ते एवढेच की, हल्ली हा निकाल देताना साक्षीला दूरचित्रवाणी असते. ‘टीव्हीवर दाखवितात तसे आपल्याकडे का होत नाही?’ हा प्रश्न आता खेडोपाडीच्या स्वयंपाकघरांतही शिरला आहे, आणि ज्या माउलीला तो विचारला जातो ती बहुधा अजून जेवलेलीही नसते.

दूरचित्रवाणीवरील स्वयंपाक आरंभी केवळ शिकवणी होता. ब्रिटनमध्ये महायुद्धानंतरचे शिधावाटप चालू असतानाच फिलिप हार्बेन हे गृहस्थ १९४६ साली बीबीसीवरून रांधून दाखवू लागले. अमेरिकेत बोस्टनच्या केंद्रावरून १९६३ साली जूलिया चाइल्ड या बाईंनी फ्रेंच पाककृती शिकविण्यास प्रारंभ केला, तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठलेली होती. एकदा बटाट्याचे जाड धिरडे उलटताना ते फुटले व त्याचे तुकडे शेगडीवर सांडले. बाईंनी ते सर्वांदेखत गोळा करून पुन्हा तव्यात बसविले आणि स्वयंपाकघरात आपण एकट्याच असतो, पाहणारे कोण आहे, अशा अर्थाचे काही बोलून त्या पुढील कृतीला लागल्या. लक्षावधी गृहिणींना त्या आवडल्या, यात आम्हांस नवल वाटत नाही.

आपल्याकडे झी टीव्हीवर १९९३ साली संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ सुरू झाला. पुढे २००७ पासून ‘आम्ही सारे खवय्ये’ या मराठी कार्यक्रमात साध्या घरांतील भगिनी येऊन आपापल्या हातचे पदार्थ करून दाखवू लागल्या. या दोहोंविषयी आमची काहीच तक्रार नाही. आपल्या गावी कधी न दिसलेली भाजी कशी चिरावी, हे त्यांनी अनेकींना शिकविले. परंतु २०१० साली विलायती धर्तीचा ‘मास्टरशेफ इंडिया’ आला आणि शिकवणीची जागा परीक्षेने घेतली. समोर घड्याळ, पलीकडे परीक्षक, एक घास चाखून मान हलविणे आणि हरलेल्याने डोळे पुसणे! पाहणारे सगळे परीक्षकांच्या बाजूला जाऊन बसतात. रांधणाऱ्याच्या बाजूला कोणी बसत नाही. तीच सवय मग घरच्या ताटापुढे येते.

हॉटेलचेही असेच. हॉटेलात जाऊच नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. प्रवाशाला, परगावी नोकरी करणाऱ्या एकट्या तरुणाला आणि वर्षातून एखादे वेळी आयते जेवावेसे वाटणाऱ्या गृहिणीला हॉटेल हा मोठाच आधार आहे. इंदूरचे पोहे-जिलबी किंवा बेळगावचा कुंदा ज्याने दुकानातून आणून खाल्ला नाही, तो एका साध्या आनंदाला मुकला. मात्र हॉटेलची चव कशात असते, हे एकदा समजून घेतले पाहिजे. डोशाचा तेथील तवा जाड लोखंडाचा असून सकाळपासून सतत तापलेला असतो. घरच्या पातळ तव्यावर थंड पीठ पडताच तो निवतो, म्हणून डोसा चिकटतो. यात सुनेचा दोष नाही, लोखंडाच्या वजनाचा आहे. तंदूरची धग घरच्या चुलीला कोठून यावी? कांदा-टोमॅटोचा परतलेला रस्सा तेथे सकाळीच पातेलेभर करून ठेवतात, आणि मागणी येईल तसे त्यात कोठे पनीर, कोठे कोंबडी सोडतात. तेल, लोणी व मीठ घालताना हात आखडता घेत नाहीत. कारण गिऱ्हाइकाने पुन्हा यावे एवढीच तेथे काळजी, त्याच्या रक्तदाबाची नव्हे.

याउलट जी गोष्ट हॉटेलला व टीव्हीला सहसा साधत नाही, तिचे उदाहरण शेजारच्या गोव्याचेच घेऊ. ‘विंदालू’ हा पदार्थ देशोदेशींच्या हॉटेलांत मिळतो आणि कित्येक ठिकाणी त्यात बटाटे घातलेले असतात, कारण नावातील ‘आलू’ ऐकून ते बटाट्याचेच असावे असे आचाऱ्यांना वाटले. वास्तविक बटाट्याचा त्याच्याशी संबंध नाही. मद्य आणि लसूण यांत मुरविलेले मांस, या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दांवरून हे नाव आले. गोव्याच्या घरांत मद्याच्या जागी माडाच्या सुरेची विनेगर आली आणि मसाल्यात मिरची आली; मिरची तरी पोर्तुगीजांनीच समुद्रापलीकडून आणलेली. आता यातील खरी खुबी अशी की, हे कालवण शिजविल्या दिवशी पुरते लागत नाही. विनेगर मांसात मुरून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याची चव चढते, म्हणून सणाच्या घरी ते आधीच करून ठेवतात. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात हे कसे दाखविणार? सान्नांचे पीठ सुरेने फुगण्यास जो वेळ लागतो तो, आणि आज उरलेल्या भाताचे उद्या काय करावे याचा जो विचार घरची बाई रात्री भांडी आवरताना करते तोही, पडद्यावर येत नाही. तिला एकाच भांड्यातून बिनदाताच्या सासऱ्याला, मधुमेहाच्या सासूला, तिखट न खाणाऱ्या बाळाला आणि तिखटाशिवाय न जेवणाऱ्या धन्याला वाढावयाचे असते, तेही महिनाअखेरीच्या पैशांत. अशी परीक्षा कोणत्याही कार्यक्रमात आम्ही अद्याप पाहिलेली नाही.

हेच घरचे रांधणे विकावयास निघाले म्हणजे मात्र त्याची किंमत लोकांना कळते. मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगार आपली कुटुंबे गावी ठेवून राहत. त्यांना चाळीतील एखाद्या खोलीत बसून दोन वेळा भाजी-भाकरी पुरविणाऱ्या बायांना खानावळवाल्या म्हणत. त्या उधारीवर जेऊ घालीत, संपाच्या दिवसांतही पाने मांडीत. पण वाण्याचे देणे आणि सावकाराचे व्याज यांत त्यांची मान कायमची अडकलेली असे. गोव्याच्या मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या बायांची ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ ही संघटना उभारली आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जे मिळवून दिली. बँकेच्या दप्तरात भाकरी थापणे हा धंदा म्हणून नोंदला गेला. तीच भाकरी, तोच धूर, तेच भाजलेले हात. परंतु समोर जेवणारा नवरा असला तर ते काम नव्हे आणि परका कामगार असला तर ते काम, हे गणित आम्हांस कधी उलगडलेले नाही.

केंद्र सरकारने २०१९ साली लोकांच्या दिवसाच्या वेळेची पाहणी केली. सहा वर्षे व त्यावरील वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ८१ जणी घरातील बिनपगारी कामे करतात, पुरुषांपैकी शेकडा २६, असे तीत आढळले. आणि ही कामे करणाऱ्या स्त्रीचा त्यांत दररोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, पुरुषाचा ९७. म्हणजे तिची जवळजवळ पाच तासांची रोजची पाळी. तिला साप्ताहिक सुट्टी नाही. उलट रविवारी पाहुणे असतात.

पुरुषांना स्वयंपाक येत नाही म्हणावे, तर तेही खरे नाही. गावच्या सणाला, लग्नाच्या मांडवात, मोठ्या चुलीपाशी कोण उभे असते? दोन-तीनशे पानांचा कांदा चिरणारे, हंड्यात मीठ किती पडावे ते नुसत्या अंदाजाने सांगणारे, पहाटेपासून पळी फिरविणारे सगळे आपले बाप्येच असतात, आणि ते जेवण उत्तम होते, ही आमची पुष्कळ वर्षांची साक्ष आहे. दुसऱ्या दिवशी हाच वीर घरी मिठाचा डबा कोणत्या फळीवर आहे ते बायकोला हाक मारून विचारतो.