नववीचा वर्ग, एक पेटी आणि एक ताई

निकालाचे दिवस आले की ‘हल्लीची पोरं जराशानं कोलमडतात’ हे वाक्य कानावर पडतंच. उपायही ठरलेला: त्यांना कणखर करा. व्याख्यान ठेवा, शिबिराला धाडा, डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवा. यातल्या शेवटच्या उपायाची ब्रिटनमध्ये ८५ शाळांत रीतसर परीक्षा झाली. निम्म्या शाळांत शिक्षकांनी ‘माइंडफुलनेस’चे धडे दिले, बाकीच्यांत नेहमीचेच तास झाले. २०२२ मध्ये निष्कर्ष आला: नैराश्याच्या जोखमीत फरक नाही. घरी सराव फारसा कुणी केलाच नव्हता. चौदा वर्षांचं पोर करणार तरी कशाला?

गोव्याच्या ‘संगत’ संस्थेनं बिहारच्या नालंदा जिल्ह्यात दुसरी वाट धरली. मुलांना बदलण्याआधी शाळा बदलायची. ७४ सरकारी माध्यमिक शाळा, नववीचे विद्यार्थी, प्रयोगाचं नाव ‘सेहर’. काही शाळांना प्रशिक्षण दिलेला एक समुपदेशक मिळाला; मानसोपचारतज्ज्ञ नव्हे, साधीच व्यक्ती, कुठे ताई तर कुठे दादा. काहींत तेच काम तिथल्याच एका शिक्षकाकडे सोपवलं. उरलेल्या शाळा तुलनेसाठी.

काम तसं किरकोळ वाटावं असं. परिपाठाला दादागिरी, मारहाण, स्वच्छता अशा विषयांवर बोलायचं. भित्तिपत्रिका काढायची. शाळेत एक पेटी ठेवायची; मुलांनी मनातलं चिठ्ठीवर लिहून तिच्यात टाकायचं. चिठ्ठ्या वाचून शाळेनं त्यावर काही करायचं, हा खरा भाग. नुसती कुलूपबंद तक्रारपेटी तर पुष्कळ कचेऱ्यांत लटकलेली असते. शिवाय ज्याला हवं त्याच्याशी एकट्यानं बोलायचं.

२०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला. समुपदेशकाच्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी आणि मारहाण घटली, नैराश्याची लक्षणंही कमी झाली. प्रयोगाच्या दुसऱ्या वर्षी हा फरक आणखी वाढला. शिक्षकांच्या शाळांत मात्र जवळपास काहीच हललं नाही, कार्यक्रम तोच असूनही!

यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. आधीच कामांचा ढीग, त्यात हे आणखी एक. आणि ज्या सरांच्या हातात आपले गुण, त्यांच्यापाशी कुठला मुलगा मन मोकळं करेल? ताईच्या हातात गुणपत्रिकाही नव्हती आणि छडीही. आपल्याकडे असं काही सुरू करायचं ठरलं, तर हे काम वर्गशिक्षकाच्याच गळ्यात मारून मोकळं होण्याचा मोह सरकारनं टाळावा. पगार देऊन वेगळा माणूस नेमावा लागेल.