‘अर्जंट रक्त हवंय’ मेसेज फॉरवर्ड करताय? आधी तारीख बघा

‘अर्जंट! ओ निगेटिव्ह रक्त हवे आहे...’ सोसायटीच्या ग्रुपवर असा मेसेज आला, की तो पुढे पाठवायला दोन सेकंद पुरतात. याच मार्गाने अनेकांना वेळेत रक्तदाता मिळतो. फेसबुकनेही ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात रक्तदात्यांच्या नोंदणीची सोय सुरू केली होती.

अडचण कुठे येते?
अनेक मेसेजमध्ये तारीखच नसते. गरज भागते, रुग्ण घरी जातो. मेसेज मात्र फिरत राहतो आणि नातेवाइकांचा फोन वाजत राहतो. व्हॉट्सअ‍ॅपवर दुहेरी बाण दिसला, तर तो मेसेज किमान पाच वेळा पुढे गेलेला असतो. जुन्या मेसेजवर धावून गेलेला दाता एकदा परत फिरला, तर पुढच्या खऱ्या हाकेला तो येईलच असे नाही.

काय कराल?
- पुढे पाठवण्याआधी दिलेल्या नंबरवर फोन करा.
- स्वतः मेसेज लिहिताना तारीख, वेळ, रक्तगट, हॉस्पिटल आणि शहर लिहा.
- रक्त मिळाले, की त्याच ग्रुपवर तसे कळवा.
- जवळच्या रक्तपेढीतील साठा सरकारच्या ‘ई-रक्तकोष’ पोर्टलवर पाहा.
- गरजेची वाट न पाहता रक्तदान करा. पुरुषांना तीन, तर महिलांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते.