बंदरं आहेत, बांधायला जागा नाही

गिरगाव चौपाटीवर उभं राहिलं की समोर समुद्र दिसतो, बंदर दिसत नाही. मुंबईचं बंदर आपल्या पाठीमागे आहे, माझगाव-शिवडीच्या अंगाला. चौपाटीसमोरचा बॅकबे उथळ, कडेला खडक आणि पश्चिमेच्या वाऱ्याला सताड उघडा. तिथे तळ खोल असलेली नौका किनाऱ्याला लागूच शकत नाही. पूर्वेला मात्र कुलाब्याच्या लांबट भूभागाचा आडोसा आहे आणि त्या आडोशातच हे शहर वाढलं. ससून डॉक १८७५ चा, प्रिन्सेस डॉक १८८० चा, व्हिक्टोरिया डॉक १८८८ चा, अलेक्झांड्रा म्हणजे आजचा इंदिरा डॉक १९१४ चा. माल उतरवायला गोद्या झाल्या, आरमाराला गोदी झाली, प्रवाशांना भाऊचा धक्का झाला. एखादं कुटुंब स्वतःची शिडाची नौका घेऊन या शहरात आलं, तर त्याने ती बांधायची कुठे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

गेटवेसमोर पांढऱ्या नौकांची दाटी दिसते, ती पाहून अनेकांना वाटतं की तिथे काहीतरी सोय असणार. नीट पाहा. त्यातली एकही नौका धक्क्याला लागलेली नसते. प्रत्येक नौका आपापल्या बोयाला दोराने बांधलेली, भर पाण्यात. मालक किनाऱ्यावरून छोट्या होडीने नौकेपर्यंत जातो, येतानाही तसाच. पिण्याचं पाणी, डिझेल, भाजी, माणसं, सगळं होडीतून. पावसाळा जवळ आला की नौका पाण्याबाहेर काढायच्या, कारण त्या उघड्या पाण्यात जून-जुलै काढणं शक्य नाही. रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ ची. १९८२ च्या दिल्ली एशियाडमधल्या शिडाच्या शर्यती याच मुंबईच्या पाण्यात झाल्या. एवढी जुनी परंपरा असूनही पाहुण्या नौकेने यावं, तरंगत्या धक्क्याला लागावं, रात्रीचं भाडं भरावं, नळाचं पाणी आणि वीज घ्यावी आणि चालत गावात जावं अशी सार्वजनिक मरीना मुंबईत आजवर झालेली नाही. कोचीत बोलगट्टीला आहे.

तरंगता धक्का का लागतो, हे लालबागकरांना वेगळं सांगायला नको. ७ सप्टेंबर २०२५ ला लालबागचा राजा सकाळी गिरगाव चौपाटीवर पोहोचला तेव्हा समुद्र भरतीला लागला होता. मूर्ती तराफ्यावर घेता येईना, ओहोटीची वाट पाहावी लागली आणि विसर्जन व्हायला रात्र झाली. त्या दिवशी पौर्णिमा होती. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या पूर्ण भरतीची वेळ मिळते. तृतीयेला सव्वादोन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दुपारची तीच आणि रात्रीचीही साधारण तीच. थोडंफार मागेपुढे होतं, पण खिशात भरतीचं कोष्टक नसताना हा हिशेब हाताशी असावा.

वेळेइतकीच उंचीही महत्त्वाची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं आणि मुंबईत पूर्ण भरती व पूर्ण ओहोटी यांतला फरक साडेचार मीटरच्या पुढे जातो. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, तेव्हा पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. दगडी धक्क्याला नौका बांधली, तर सहा तासांत ती दीड मजला खाली जाते. दोर आखूड असेल तर लटकते, सैल असेल तर भिंतीवर आपटते. तरंगता धक्का पाण्याबरोबर वर-खाली होतो, त्यामुळे नौका आणि धक्का यांतलं अंतर बदलत नाही. दक्षिणेकडे जाल तसा हा फरक उतरत जातो. गोव्यात तो दोन-सव्वादोन मीटरपर्यंत येतो. म्हणजे सगळ्यांत जास्त गरज आहे ती मुंबईला आणि उत्तर कोकणाला.

आता ज्यांना मुंबईहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला जायचंय त्यांच्यासाठी. समुद्री मैल म्हणजे अक्षांशाचं एक मिनिट, १.८५२ किलोमीटर. त्यामुळे उत्तर-दक्षिण किनाऱ्यावर अंतर काढणं सोपं: दोन ठिकाणच्या अक्षांशांची वजाबाकी करायची. गेटवे १८ अंश ५५ मिनिटांवर, पणजी १५ अंश ३० मिनिटांवर. फरक २०५ मिनिटं, म्हणजे सरळ दक्षिणेला दोनशे पाच मैल. किनारा तिरपा असल्याने प्रत्यक्षात याहून थोडं जास्त. ताशी पाच मैलांनी चालणारी नौका उजेडाच्या बारा तासांत साठ मैल जाते. हिशेबाने चार दिवसांचं काम झालं, पण या किनाऱ्यावरून चार दिवसांत जाणाऱ्याने विमानानेच जावं.

वाऱ्याचं गणित शाळेच्या भूगोलात शिकवलेलं असतं: दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे. ऑक्टोबर ते मे या काळात कोकण किनाऱ्यावर दुपारचा खारा वारा वायव्येकडून येतो. दक्षिणेला निघालेल्या नौकेच्या तो उजव्या पाठीवर पडतो, शिडं भरतात, प्रवास सुखाचा होतो. परतताना तोच वारा तोंडावर. म्हणून परतीला पहाटे तीन-चारला नांगर उचलायचा, जमिनीवरून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर अंतर कापायचं आणि दुपारी खारा वारा जोर धरायच्या आत पुढच्या खाडीत शिरायचं. इंजिन आलं तरी शिडावर जाणाऱ्याला आजही यापेक्षा चांगली रीत सापडलेली नाही.

पहिल्या थांब्यासाठी खांदेरीचा मोह होतो. बेटावर १८६७ चं दीपगृह आहे, कोळ्यांचा वेताळ आहे आणि शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये मुंबईकर इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधलेला किल्ला आहे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गही आहेत. जगाच्या वारशातले चार किल्ले समुद्रातून एका ओळीत पाहता येतात असा किनारा माझ्या माहितीत दुसरा नाही. पण रात्र काढायची तर खांदेरी सोडून राजपुरीच्या खाडीत, जंजिऱ्याच्या आत जावं.

तिथे नांगर टाकणं हा एक धडाच आहे. तळ चिखलाचा, नांगर चांगला धरतो. पाच मीटर पाणी असेल तर पंचवीस मीटर साखळी सोडायची, पण ते पाच मीटर कुठल्या वेळचे? ओहोटीला टाकला असेल तर भरतीत पाणी तीन-चार मीटर वाढणार, म्हणजे साखळी चाळीसच्या पुढे हवी. रात्री ओढ फिरली की नौका नांगराभोवती अर्धं वर्तुळ घेते, त्या वर्तुळात दुसरी होडी किंवा खडक नको. आणि डोलीचे खुंट पाहून ठेवायचे. डोल जाळी खाडीच्या तोंडाशी ओढीत उभी असते आणि अंधारात ती दिसत नाही. शिडाच्या नौकेचं सुकाणू तिच्यात अडकलं तर नुकसान दोघांचं होतं, आणि कोळ्याचं जास्त होतं. त्याचं जाळं म्हणजे त्याचं वर्षाचं भांडवल. संध्याकाळच्या उजेडात एखाद्या तांडेलाला हाक मारून कुठे थांबू म्हणून विचारलं, तर तो हाताने जागा दाखवतो. डेहराडूनच्या नौदल जलसर्वेक्षण कार्यालयाचे नकाशे उत्तम आहेत, पण वाळूचा दांडा या वर्षी कुठे सरकला ते तांडेलालाच ठाऊक असतं.

पुढे हर्णै. सुवर्णदुर्गाच्या आडोशाला मासेमारी नौकांची गर्दी आणि संध्याकाळचा लिलाव. इथलं एक दृश्य मुद्दाम पाहावं: बैलगाड्या थेट समुद्राच्या पाण्यात उतरतात आणि होड्यांमधून माशांच्या टोपल्या किनाऱ्यावर आणतात. बैल पोटापर्यंत पाण्यात. पर्यटक त्याचे फोटो काढतात. मला त्यात एवढंच दिसतं की राज्यातल्या इतक्या मोठ्या मासळी बाजाराला पिढ्यान् पिढ्या धड धक्का मिळाला नाही.

मग दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले. ही नावं वाचताना परळ-लालबागच्या चाळींत वाढलेल्या जुन्या माणसाच्या मनात वेगळीच यादी उलगडते. हे बोटीचे थांबे होते. कोकण रेल्वेच्या आधी आणि मुंबई-गोवा रस्ता धड होण्याच्या आधी गिरणीतला चाकरमानी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायचा. ट्रंक, वळकटी, पोरं, गावच्या देवासाठी घेतलेला नारळ, सगळं डेकवर. बहुतेक बंदरांत बोट किनाऱ्याला लागत नसे. ती बाहेर नांगर टाके, भोंगा देई, आणि गावातून पडाव येत. उसळत्या पाण्यात बोटीच्या शिडीवरून पडावात उतरायचं, बायकांनी पोर कडेवर घेऊन. १७ जुलै १९४७ ला, आषाढी अमावास्येला, रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. गिरगाव-परळमधल्या कितीतरी घरांत त्या दिवसाचं नाव आजही दबक्या आवाजात घेतात. पावसाळ्यात हा समुद्र काय असतो, याची आठवण ठेवूनच किनारी प्रवासाचं बोलावं.

बोटी बंद झाल्या आणि बंदरं विस्मरणात गेली. विजयदुर्गचं उदाहरण घ्या. वाघोटन खाडीचं तोंड, तीन बाजूंनी पाणी असलेला किल्ला, आत खोल आणि शांत पाणी. आंग्र्यांचं आरमार इथे राहायचं, गिर्येजवळ खडकात कोरलेली त्यांची गोदी अजून पाहता येते. १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी हल्ला करून ते आरमार जाळलं. अशा बंदरात आज दहा मीटरची शिडाची नौका आली तर तिला सुखाने बांधून घ्यायची सोय नाही. भूमध्य समुद्रावर याच्या निम्म्याने सुंदर असलेल्या गावांतही नगरपालिकेचा धक्का असतो आणि सकाळी पावती फाडणारा माणूस येतो.

बंदराची किंमत लांबच्या दर्यावर्दीला कळते. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून ‘म्हादेई’ घेऊन एकट्याने निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. नौका बांधली गोव्यात दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांनी. कल्पना फलटणजवळच्या विंचुर्णीत राहणाऱ्या व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींची. सबंध वाटेत थांबे चारच: फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन. प्रत्येक ठिकाणी नौका नीट बांधून शिडं, दोर, सुकाणू तपासता आलं म्हणून पुढचा महासागर पार झाला. पुढे अभिलाष टॉमी याच नौकेने कुठेही न थांबता फिरून आले. नौदलाच्या ‘तारिणी’ नौकेवरच्या महिला अधिकाऱ्यांनी दोनदा फेरी केली, त्यांचेही थांबे बहुतेक हेच. पोर्ट स्टॅन्लीची वस्ती आपल्या एखाद्या मध्यम कोकणी गावाएवढी. तिथे म्हादेई बांधता येते, आणि आपल्या विजयदुर्गला नाही.

परवानग्यांचा भाग थोडक्यात सांगतो. मुंबई बंदर केंद्राच्या अखत्यारीत, अठ्ठेचाळीस छोटी बंदरं १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे. परदेशी नौकेला आधी कस्टम्स आणि इमिग्रेशन असलेल्या बंदरातच यावं लागतं. २६ नोव्हेंबर २००८ ला हल्लेखोर रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले, तेव्हापासून सागरी पोलिसांची नजर कडक झाली, आणि ती हवीच. पण नोंद असलेला धक्का हा सुरक्षेलाही सोयीचा असतो. कोण आलं, किती जण आले, कधी गेले, हे एका वहीत राहतं. नौका किनाऱ्यावर जिथे-तिथे नांगर टाकून थांबल्या तर कोणाचीच नोंद राहत नाही.

मुंबई बंदरात चारशेहून अधिक नौकांची, सुमारे नऊशे कोटींची मरीना आखली आहे. ती व्हावी. पण ती एकटी झाली तर काय होईल ते स्पष्ट दिसतं: श्रीमंतांच्या नौका मांडव्यापर्यंत जातील आणि संध्याकाळी परत येतील, कारण पुढे थांबायला जागा नाही. पाहुणी नौका जयगडला थांबली तर ती तिथल्या दुकानातून किराणा घेते, तिथल्या खानावळीत जेवते, तिथल्या मेकॅनिककडून इंजिन दुरुस्त करते. हा पैसा गावात राहतो.

मेरीटाइम बोर्डाकडे मागणी साधी आहे. बोटीच्या जुन्या थांब्यांपैकी राजपुरी, हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड आणि मालवण या ठिकाणी प्रत्येकी एक तरंगता धक्का, एक नळ, एक दिवा, एक स्वच्छतागृह आणि एक नोंदवही. धक्क्यावर पहिला हक्क स्थानिक मच्छीमारांचा, उरलेल्या जागेत पाहुणे. मुंबईच्या मरीनाची पहिली वीट बसायच्या आत यातले दोन जरी झाले, तरी येत्या नोव्हेंबरात निघणाऱ्या नौकेला विजयदुर्गपर्यंत जाता येईल.