दख्खनच्या लाव्हाथरांतील एक कृंतकसदृश प्राणी

मिठबावच्या सड्यावर जो जांभा दगड दिसतो, तो दख्खनच्या काळ्या कातळाचेच दीर्घकाळच्या पावसाने झालेले रूपांतर होय. हा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या रूपाने थरावर थर असा पसरला. दोन प्रवाहांच्या दरम्यान कधी कधी पुष्कळ काळ लोटे. त्या अवधीत सखल भागी तळी साचत आणि त्यांच्या गाळात प्राण्यांचे अवशेष पुरले जात. जांभ्यात हाडे टिकणे कठीण. परंतु घाटापलीकडे असे गाळाचे थर अनेक ठिकाणी उघडे पडले आहेत. त्यांत सापडलेल्या एका लहानशा सस्तन प्राण्याचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

या प्राण्याचे नाव भारतथेरियम बोनापार्टी. तेलंगणातील नसकल, मध्य प्रदेशातील किसलपुरी आणि बेळगाव जिल्ह्यातील गोकाक येथे त्याचे दात मिळाले. २००७ साली दोन निरनिराळ्या संशोधकगटांनी त्याचे स्वतंत्रपणे नामकरण केले. दुसऱ्या गटाने दिलेले नाव ‘दक्षिणा’ असे होते. पुढे दोन्ही प्राणी एकच ठरल्यामुळे, आधी प्रसिद्ध झालेले नाव नियमाप्रमाणे कायम राहिले.

हाती आहेत ते केवळ मोजके सुटे दात. दाढांची उंची ६ ते ८.५ मिलिमीटर, परंतु त्यांची घडण विलक्षण आहे. दाढ उंच व वक्र असून तिच्या बाजूस खोल खोबण आणि मध्यभागी खळगा असतो. त्यामुळे दाढ झिजत गेली तरी तिच्या पृष्ठभागावर कठीण कंगोरे उघडे राहतात व चर्वणाचे कार्य चालू राहते. उंदीर-घुशींच्या वर्गातील कित्येक प्राण्यांत अशीच उंच दाढ आढळते.

मग हा प्राणी कृंतकच म्हणावा काय? तसे म्हणता येत नाही. कृंतकांचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष याहून सुमारे एक कोटी वर्षांनी अलीकडचे आहेत. भारतथेरियम हा गोंडवनथेरिया नामक, आज निर्वंश झालेल्या गणाचा प्राणी होय. या गणाचे अवशेष दक्षिण अमेरिका व मादागास्कर येथेही मिळतात. मादागास्करमधील अदालाथेरियम या प्राण्याच्या सांगाड्याचे वर्णन २०२० साली प्रसिद्ध झाले. त्याच्या नाकाडाच्या वरच्या भागी हाडांमध्ये एक भोक आहे, असे कोणत्याही कृंतकात आढळत नाही. यावरून दातांचे साम्य हे रक्ताच्या नात्याचे नसून आहाराच्या गरजेचे आहे, हे ध्यानात येते.

तो आहार कोणता असावा? चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण असल्याचे २००५ साली दाखविण्यात आले. गवत दातांना झिजविणारे असते. डायनोसॉरांच्या काळी भारतात गवत होते, तर हे प्राणी ते खात असण्याचा संभव आहे. अन्नासह तोंडात जाणारी मातीही दात झिजविते, म्हणून या अनुमानास अंतिम निर्णय मानू नये. तथापि नखाएवढ्याही नसलेल्या एका दाढेने प्राण्याचे कूळ व त्याच्या पायाखालचे रान हे दोन्ही प्रश्न एकदम उभे केले, हेच तिचे महत्त्व होय.