हळू जाण्यासाठी मोजलेले पैसे

जीप किंवा जिप्सी बाळगणारा माणूस भेटला की लोक आधी विचारतात, किती सीसीची? मग विचारतात, पळते किती? दोन्ही प्रश्नांत मला फारसा रस नाही. अशी गाडी किती हळू चालते, हे विचारायला हवं. क्लचला पाय न लावता, इंजिन बंद न पडू देता, टेबलाएवढ्या दगडावरून चारही चाकं एकेक करून उतरवता येतात का? येत असतील तर त्याचं श्रेय बॉनेटखालच्या इंजिनाला नसून गिअरबॉक्सच्या मागे चिखलात माखून लटकणाऱ्या एका लोखंडी पेटीला असतं. तिचं नाव ट्रान्सफर केस. गॅरेजात नुसतं ‘ट्रान्सफर’.

ही पेटी दोन कामं करते. गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलला वाटते, आणि लो रेंजमध्ये टाकली की गाडीचे सगळे गिअर एकदम छोटे करते. इतिहास लगेच उरकतो. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या क्लिंटनव्हिल गावी एफडब्ल्यूडी कंपनी चारचाकी ओढीचे ट्रक बनवू लागली. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्डने मिळून सहा लाखांवर जीपगाड्या काढल्या. त्या वेळी के. सी. महिंद्रा वॉशिंग्टनमध्ये इंडिया सप्लाय मिशनचे प्रमुख होते आणि जीप घडवणाऱ्यांपैकी बार्नी रूस यांच्याशी त्यांची तिथेच गाठ पडली. १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि १९५१ मध्ये तिथले गव्हर्नर जनरल झाले. इकडे कंपनीचं आडनाव बदललं आणि माझगावला सुट्या भागांतून विलीज जीप जोडल्या जाऊ लागल्या.

त्या जीपच्या पोटात होती स्पायसर १८ ही पेटी. माझा जीव अडकलाय तो इथे. लढाईतल्या विलीज एमबीमध्ये हिचं लो गुणोत्तर १.९७ होतं. पहिला गिअर २.६६५, अ‍ॅक्सल ४.८८. तिघांचा गुणाकार केला की साधारण २५.६ येतो, म्हणजे इंजिन साडेपंचवीस वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा. युद्ध संपलं आणि विलीजने तीच गाडी शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए म्हणून काढली. नांगराला आणि मळणीला वेग नको, ओढ हवी. म्हणून पेटीचं लो २.४३ केलं, पहिला गिअर २.७९८ आणि अ‍ॅक्सल ५.३८. गुणाकार गेला साडेछत्तिसाच्या वर. सैनिकापेक्षा शेतकऱ्याने जास्त हळू गाडी मागितली, याचं मला फार कौतुक वाटतं. आणखी एक गंमत बघा. २०२३ मध्ये आपल्याकडे आलेल्या पाच गिअरच्या जिम्नीचे आकडे आहेत ४.४२५, २.००२ आणि ४.०९०. गुणाकार ३६.२. जवळपास ऐंशी वर्षांनी सुझुकीचं गणित त्या शेतकी जीपच्या शेजारीच येऊन थांबलं.

स्पायसर १८ला साखळी नाही, बेल्ट नाही, फक्त गिअर. मागे पाच बोल्टांचं एक झाकण असतं. ते काढलं की पीटीओ, म्हणजे ताकद बाहेर घेण्याची जोडणी, लावून जीपच्या इंजिनावर यंत्रं चालवता यायची. अमेरिकेत वॉर्न कंपनीने याच भोकात बसणारा ओव्हरड्राइव्ह काढला, म्हणजे जिथून गाडी हळू होते तिथूनच तिला हमरस्त्यावर पळवायची सोय! या पेटीत खोडीही आहेत. मधला गिअर ज्या इंटरमीडिएट शाफ्टवर फिरतो तो सुरुवातीला पाऊण इंचच जाड होता. झिजायचा, घरघर करायचा. पुढे वाढत वाढत तो सव्वा इंचावर गेला. म्हणून जुनी जीप सुधारायची असेल तर पहिला सल्ला हाच, की परदेशी पेटीच्या मागे लागण्याआधी सव्वा इंची शाफ्टची धड पेटी शोधा.

शोधायची कुठे? आधी कुर्ल्याला सीएसटी रोडवर. तिथल्या दुकानांत पेट्या एकावर एक रचलेल्या असतात. हाताने फिरवून बघायच्या, दात टॉर्चने तपासायच्या, कवचाला वेल्डिंगचा डाग दिसला की पुढच्या दुकानात जायचं. मग पेटी टेम्पोत टाकून गोवंडी. घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडच्या कडेची, बैंगनवाडी-शिवाजीनगरची गॅरेजं जगतात ती डम्पर, टँकर आणि टेम्पोवर. १९२७ पासून मुंबईचा कचरा झेलणारं देवनारचं डम्पिंग पलीकडेच आहे. कचऱ्याच्या डोंगरावर चढणाऱ्या गाड्यांच्या पेट्या उघडणाऱ्या मिस्त्रीला जीपची पेटी म्हणजे खेळणं. मी ज्यांच्याकडे जातो त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. मी पहिल्यांदा स्पायसर १८ घेऊन गेलो तेव्हा त्यांनी ती एका हाताने उलटी केली आणि म्हणाले, “इसमें है क्या? तीन गरारी और एक सबर.”

सबर कशासाठी, ते मधला गिअर बसवताना कळतं. त्याच्या पोटात नीडल रोलर असतात, सुईएवढे आणि सुटे. दोन्ही बाजूंना थ्रस्ट वॉशर. हे सगळं कवचात धरून शाफ्ट ठोकायचा म्हणजे तिसरा हात हवा. उस्तादांनी लेथवर कातून घेतलेला एक खोटा शाफ्ट ठेवला आहे, गिअरच्या लांबीचाच. रोलर ग्रीसमध्ये चिकटवून त्याच्यावर रचतात, गिअर कवचात उतरवतात आणि खरा शाफ्ट आत सरकवतात, तसा खोटा दुसऱ्या तोंडाने बाहेर येतो. एकही सुई पडत नाही. मग आउटपुट शाफ्टचं टेपर बेअरिंग. त्याचा खेळ ४ ते ८ थाऊ, म्हणजे हजारांश इंचात, ठेवायचा असतो आणि तो ठरतो झाकणाखालच्या कागदासारख्या पातळ शिमांवर. डायल गेज बाजूच्या कपाटात असतो. पण उस्ताद आधी शाफ्ट दोन बोटांनी फिरवतात, ओठ मुडपतात, एक शिम काढतात, पुन्हा फिरवतात. नंतर गेज लावला की काटा सहाच्या आसपास थांबतो. मला हा प्रकार आवडतो आणि थोडा चिडवतोही, कारण त्यांच्या बोटाला कळतं ते कागदावर लिहून घेता येत नाही.

पेटी बदलायचीच असेल तर आणखी एक अडचण लक्षात घ्या. स्पायसर १८ची पुढची आणि मागची दोन्ही तोंडं गाडीच्या उजव्या बाजूला आहेत. नंतर आलेल्या डाना २० या पेटीचं मागचं तोंड मध्यावर आलं. म्हणजे नुसती पेटी बदलून भागत नाही. मागचा अ‍ॅक्सलही मध्यावरच्या गोळ्याचा, म्हणजे डिफरन्शियलचा, लागतो, नाहीतर प्रोपेलर शाफ्ट तिरपा होऊन क्रॉस खातो. शिवाय विलीजचा हँडब्रेक चाकांवर नसून पेटीच्या मागच्या ड्रमवर. पेटी बदलताना तो विसरणारे भेटतात आणि मग उतारावर चाकाखाली दगड लावतात.

जिप्सीवाल्यांचं नशीब चांगलं. १९८५च्या अखेरीस आलेल्या या गाडीत ट्रान्सफर गिअरबॉक्सला चिकटलेली नाही. मध्ये एक छोटा शाफ्ट असतो आणि पेटी तीन रबरी माउंटवर चेसिसला टांगलेली असते. तेल काढा, फ्लँजवर खुणा करून शाफ्ट सोडा, स्पीडोमीटरची केबल आणि लिव्हर काढा, खाली जॅक लावून पेटी उतरवा. १३०० सीसी जिप्सीचं परदेशी भावंड म्हणजे सामुराय. तिच्या पेटीचं लो २.२६८ आणि पूर्ण गुणाकार जेमतेम ३१. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत यासाठी ४.१६ लोचे गिअर मिळतात. तीच पेटी, तेच कवच, आतले गिअर फक्त नवे. गुणाकार होतो साडेछप्पन्न. इंजिन हजार फेऱ्यांवर असताना आधी ताशी साधारण सव्वाचार किलोमीटरने सरकणारी गाडी आता सव्वादोनवर येते. शेजारी चालणारा माणूस कंटाळून पुढे निघून जातो.

हे फुकट मिळत नाही. वाढलेली ओढ आधी माउंटवर येते. पेटी उलट दिशेने वळू बघते आणि रबर फाटतं, कधी माउंटचा हात तडकतो. मग पाळी अ‍ॅक्सलच्या शाफ्टची. म्हणून उस्ताद गिअरसोबत जाड माउंट बसवल्याशिवाय गाडी सोडत नाहीत, आणि लोमध्ये अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबणाऱ्याला पुन्हा दारात उभं करत नाहीत. हे धोरण मला पूर्ण मान्य आहे. गोव्यात २०१४ पासून ऐन पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये लाल चिखलात चाकं फिरवून शाफ्ट तोडणारे बघितले की सावकाश जाणाऱ्यांबद्दलचा आदर वाढतो.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठणकावून सांगितलं. इंजिन किंवा बॉडी बदलताना तर आरटीओत आधी विचारावंच, विम्याचे कागदही वाचावेत.

रोज सायन-पनवेल हायवेने ऑफिसला जाणाऱ्यांनी या ४.१६च्या नादी लागू नये, असं मी म्हणायचो. कारण हे गिअर हाय रेंजही सुमारे १२ टक्क्यांनी छोटी करतात आणि ऐंशीला इंजिन ओरडू लागतं. उस्तादांनी हिशेब उलटा मांडून दाखवला. २७ इंची टायरच्या जागी ३० इंची बसवा, चाक ११ टक्क्यांनी मोठं झालं की हायवेवरचं गणित जवळजवळ कंपनीच्या मापावर परत येतं, आणि लोमध्ये मोठ्या टायरसकटही मूळ गाडीपेक्षा दीडपटीहून जास्त ओढ शिल्लक राहते. फक्त ३० इंची टायर वळवताना मडगार्डला घासतो, म्हणून मडगार्ड कापावं लागतं. उस्तादांचा कटर तोवर प्लगला लावून झालेला असतो.