संगणकीय स्वरलेखनातील दोष : कारणे व उपाय
(मिडी कीबोर्डच्या संदर्भात)

मौखिक परंपरेतील संगीत कागदावर उतरवण्याचा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. बडोद्याचे उस्ताद मौलाबक्ष (१८३३-१८९६) यांनी सयाजीराव महाराज गायकवाड (तिसरे) यांच्या आश्रयाने १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली व स्वरलिपीसह पाठ्यपुस्तके तयार केली. सूफी विचारवंत व वीणावादक हजरत इनायत खाँ हे त्यांचे नातू होत. पुढे पं. विष्णू नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी निरनिराळ्या घराण्यांच्या उस्तादांकडून मिळवलेल्या शेकडो चिजा स्वरलिपीत बांधल्या.

आज हेच काम संगणकावर करता येते. कीबोर्ड जोडून चाल वाजवली की पडद्यावर स्वर उमटत जातात. मात्र वाजवले एक आणि उमटले भलतेच, असा अनुभव अनेकांना येतो. आदिलाबादसारख्या प्रदेशात ही अडचण केवळ तांत्रिक राहत नाही. २०१६ पूर्वीच्या अखंड आदिलाबाद जिल्ह्यात परधान समाजाचे गायक राजगोंडांच्या पुराणकथा किंगरी या गजाने वाजवायच्या तंतुवाद्यावर पिढ्यानपिढ्या गात आले आहेत. अशी एखादी चाल ऐकून ती कीबोर्डवरून नोंदवली आणि नोंद चुकली, तर चूक यंत्राची असूनही कागदावर ती गायकाच्या नावे राहते. म्हणून या दोषांची कारणे समजून घेणे अगत्याचे आहे.

१. मिडीचे स्वरूप

मिडी ही १९८३ मध्ये प्रचारात आलेली प्रमाणपद्धती आहे. तिच्या केबलमधून आवाज जात नाही, संदेश जातात. कोणती कळ दाबली (० ते १२७ पैकी क्रमांक, पियानोवरील मधला 'सी' म्हणजे ६०), किती जोराने दाबली आणि ती सोडली, एवढेच संगणकाला कळते. मात्रा, ताल, सम यांचा त्यात उल्लेख नसतो. कळ दाबणे व सोडणे यांतील अंतर मोजून स्वर किती मात्रांचा, हे सॉफ्टवेअर अनुमानाने ठरवते. बहुतेक दोषांचे मूळ या अनुमानात आहे.

२. स्वर उमटत नसल्यास

कीबोर्ड आधी जोडून चालू करावा, सॉफ्टवेअर नंतर उघडावे. त्याच्या सेटिंगमध्ये आवक उपकरण म्हणून तो कीबोर्ड निवडला आहे का, हे पाहावे. जुन्या गोल पिनांच्या केबलमध्ये कीबोर्डचा 'आउट' संगणकाच्या 'इन'कडे जायला हवा. दुसऱ्या एखाद्या संगीत-प्रोग्रामने कीबोर्ड अडवून ठेवला असेल, तर तो प्रोग्राम बंद करावा.

३. भलताच स्वर उमटल्यास

आपल्याकडील वादक गायकाच्या पट्टीनुसार, म्हणजे काळी एक, पांढरी चार अशी, ट्रान्सपोजची कळ फिरवतात. अनेक कीबोर्ड हा बदल मिडी संदेशातही पाठवतात. त्यामुळे बोटे 'सी'वर असूनही दुसरा स्वर लिहिला जातो. नोंद करण्यापूर्वी ट्रान्सपोज शून्यावर आणावा व पट्टी लेखन पूर्ण झाल्यावर सॉफ्टवेअरमध्ये बदलावी. हार्मोनियमच्या सवयीने एका हाताने वाजवणाऱ्याने एकच स्वरपट निवडावा. पियानोचे दोन स्वरपट घेतल्यास खालचे स्वर वेगळ्या ओळीत जाऊन चाल तुटते.

४. आवाज उशिरा आल्यास

मिडीच्या मूळ केबलमधून एक संदेश जायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. उशीर होतो तो मुख्यतः संगणकाच्या ध्वनी-बफरमध्ये. सेकंदाला ४४,१०० नमुने या दराने १०२४ नमुन्यांचा बफर सुमारे २३ मिलिसेकंद घेतो, २५६ चा सुमारे ६. त्यामुळे बफर कमी करावा, अथवा संगणकातील वाद्याचा आवाज बंद करून कीबोर्डचाच आवाज ऐकावा. प्रत्येक स्वर दुहेरी ऐकू येत असल्यासही दोहोंपैकी एक आवाज बंद करणे हाच उपाय आहे.

५. लय बिघडल्यास

कागदावर चिमुकले विराम आणि जोडरेषांची गर्दी दिसणे, हा सर्वांत त्रासदायक दोष. सॉफ्टवेअर प्रत्येक स्वर जवळच्या मात्राभागावर बसवते. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत पाव मात्रा १२५ मिलिसेकंदांची होते. बोट त्याच्या निम्म्याहून, म्हणजे सुमारे ६२ मिलिसेकंदांहून, अधिक चुकले की स्वर शेजारच्या घरात जातो. लय ६० केल्यास हीच सवलत दुप्पट होते. म्हणून वाजवताना मेट्रोनोमची लय निम्मी ठेवावी आणि नंतर मूळ लय लिहावी, स्वरांची लांबी बदलत नाही. चालीत अर्ध्या मात्रेहून लहान स्वर नसेल, तर तेवढीच किमान मर्यादा द्यावी. एका मात्रेत तीन स्वर येत नसतील, तर तिगुणाची ओळख बंद ठेवावी.

मेट्रोनोमशी जुळत नसल्यास अन्य मार्ग आहेत. सिबेलियसमधील 'फ्लेक्सी-टाइम' वादकाची लय पाहून स्वतःची लय कमीजास्त करू शकते. म्यूजस्कोर ३ मध्ये प्रत्येक मात्रा वादकाने स्वतः कळ दाबून पुढे सरकवण्याची सोय आहे. फिनालेमध्ये 'हायपरस्क्राइब' आहे, परंतु त्या सॉफ्टवेअरचा विकास २०२४ मध्ये थांबवण्यात आला.

६. यंत्राची मर्यादा

भातखंडे पद्धतीत कणस्वर मुख्य स्वराच्या डोक्यावर लहान अक्षरात लिहितात आणि मींडेसाठी वर कमान काढतात. कीबोर्डवर वाजवलेला कण यंत्राला स्वतंत्र छोटा स्वर वाटतो. मींड तर कळांवर वाजतच नाही. सबब पहिल्या फेरीत केवळ मुख्य स्वर वाजवावेत, कण व मींड हाताने भराव्यात. किंगरीच्या चालींत गजाने एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे विशेष असल्याने हे पथ्य तेथे अधिकच आवश्यक ठरते.

निष्कर्ष

भातखंडे पद्धतीत तालबद्ध चीज लिहिताना ताल आणि सम आधी ठरवावे लागतात. संगणकावरही क्रम तोच आहे : आधी ताल, लय व लहानात लहान मात्राभाग निश्चित करावा, मग वाजवावे. तयार झालेली नोंद मूळ ध्वनिमुद्रणाशेजारी ठेवून पुन्हा ऐकावी आणि शक्य असेल तेथे ती मूळ गायकाला ऐकवावी. चूक कोठे आहे, हे त्याच्याइतके अचूक कोणतेही यंत्र सांगू शकत नाही.