गाडी कोटींची, पण भरवसा चार तळहातांएवढ्या रबरावर! स्पोर्ट्स कारचे टायर बदलताना नेमकं काय बघायचं?

३० नोव्हेंबर २०१३. कॅलिफोर्नियातलं सांता क्लॅरिटा. 'फास्ट अँड फ्युरियस'मुळे जगभर पोचलेला अभिनेता पॉल वॉकर आपल्या मित्राच्या पोर्शे करेरा जीटीमध्ये बसून निघाला. गाडी मित्र चालवत होता. थोड्याच वेळात गाडीवरचा ताबा सुटला, ती धडकली आणि पेटली. दोघांचाही जीव गेला.

मार्च २०१४ मध्ये तपासाचा अहवाल आला. त्यात मुख्य कारण सांगितलं होतं वेग. ताशी ४५ मैलांची, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी ८० ते ९३ मैलांनी, म्हणजे साधारण १३० ते १५० किलोमीटर वेगाने जात होती. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. गाडीचे टायर नऊ वर्षांहून जुने होते आणि त्यामुळे गाडीच्या हाताळणीवर परिणाम झाला असण्याची शक्यता तपास अधिकाऱ्यांनी नोंदवली होती.

सहाशेहून जास्त अश्वशक्तीची गाडी आणि नऊ वर्षांचं रबर!

स्पोर्ट्स कारच्या टायरबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. लोक ब्रँड बघतात, रुंदी बघतात, नक्षी बघतात. पण रबर किती जुनं आहे, ते कोणत्या तापमानासाठी बनलंय आणि या गाडीसाठी बनलंय का, हे तीन प्रश्न विचारायचे राहून जातात. महागडा टायर निवडण्याआधी याच तीन प्रश्नांची उत्तरं हवीत. कशी शोधायची, ते पाहूया.

आधी थोडं गणित

पोर्शे ९११ चं उदाहरण घेऊ. गाडीचं वजन ढोबळमानाने १५०० किलो. म्हणजे सरासरी एका टायरवर ३७५ किलो. टायरमध्ये ३५ पीएसआय हवा असेल, तर एका चौरस सेंटीमीटरवर साधारण अडीच किलोचा भार पेलला जातो. भागाकार केला की उत्तर येतं दीडशे चौरस सेंटीमीटर. म्हणजे एका टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो.

इंजिनाची सगळी ताकद, ब्रेकचा सगळा जोर आणि वळणावरचा सगळा ताण या चार तळहातांमधूनच रस्त्यावर उतरतो. ब्रेक कितीही भारी असले तरी ते फक्त चाक थांबवतात. गाडी थांबवतो तो टायर.

पहिला प्रश्न : रबराचं वय काय?

रोजची गाडी वर्षाला दहा-पंधरा हजार किलोमीटर सहज पळते. तिचे टायर आधी झिजतात, मग जुने होतात. स्पोर्ट्स कारचं उलटं असतं. ती बहुतेक वेळ कव्हरखाली असते आणि रविवारी सकाळी बाहेर निघते. त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसते आणि मालकाला वाटतं, टायर अजून चार वर्षं जातील.

रबर मात्र उभ्या उभ्या म्हातारं होत असतं. हवेतला ऑक्सिजन, ओझोन, ऊन आणि उष्णता यांनी ते कडक होत जातं. टायरच्या रबरात मेणासारखे संरक्षक पदार्थ घातलेले असतात. टायर फिरत राहिला की ते हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि रबराला जपतात. गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर हे काम नीट होत नाही. मग बारीक भेगा पडतात आणि पकड कमी होते. ओल्या रस्त्यावर हा फरक जास्त जाणवतो.

वय ओळखणं सोपं आहे. टायरच्या बाजूवर 'डीओटी'ने सुरू होणारा एक कोड असतो. त्यातले शेवटचे चार आकडे बघा. १४२३ असेल तर टायर २०२३ च्या १४ व्या आठवड्यात बनलाय. हा पूर्ण कोड कधी कधी टायरच्या आतल्या बाजूला येतो, तेव्हा वाकून बघावं लागतं.

मिशेलिनचा सल्ला असा, की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासून घ्या आणि बनल्यापासून दहा वर्षांनी, कितीही चांगला दिसला तरी, बदला. पण ही शेवटची मर्यादा झाली. अनेक कार कंपन्या सहा वर्षांनंतरच बदलायला सांगतात आणि वेगवान गाडीसाठी तोच आकडा धरलेला बरा.

भारतात या मुद्द्याला आणखी महत्त्व आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने अनेक प्रकारच्या नव्या टायरची आयात 'मुक्त' यादीतून काढून परवाना लागणाऱ्या यादीत टाकली. साध्या गाड्यांना त्याची झळ फारशी बसत नाही, कारण ते टायर इथेच बनतात. पण १९-२० इंचाचे खास मापाचे टायर बाहेरूनच येतात. माप मिळत नाही म्हटल्यावर दुकानात पडून राहिलेला तीन-चार वर्षांचा 'नवा' टायर गळ्यात पडू शकतो. त्यामुळे पैसे देण्याआधी चारही टायरचे आकडे स्वतः वाचा.

दुसरा प्रश्न : तुम्ही गाडी कुठे आणि कशी चालवता?

स्पोर्ट्स कारच्या रस्त्यावरच्या टायरचे ढोबळ तीन प्रकार आहेत.

पहिला, उच्च क्षमतेचा समर टायर. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस, कॉन्टिनेंटल स्पोर्टकॉन्टॅक्ट ७, ब्रिजस्टोन पोटेंझा स्पोर्ट, पिरेली पी झिरो ही या वर्गातली नावं. नावात 'समर' असलं तरी हे टायर पावसातही चांगले चालतात. त्यांना चालत नाही ती थंडी. तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेलं की हे रबर कडक होऊ लागतं. महाराष्ट्रातल्या बहुतेक भागांत ही अडचण येतच नाही. कोरडा रस्ता, ऊन आणि मुसळधार पाऊस या तिन्हीसाठी हाच वर्ग योग्य.

दुसरा, ट्रॅककडे झुकलेला टायर. मिशेलिन पायलट स्पोर्ट कप २ किंवा पिरेली पी झिरो ट्रोफेओ आर यांसारखे. रस्त्यावर चालवायला ते कायदेशीर आहेत, कोरड्या आणि तापलेल्या डांबरावर त्यांची पकड जबरदस्त आहे. पण पाणी बाहेर फेकणाऱ्या खाचा कमी आणि उथळ असतात. जुलैत लोणावळ्याच्या पावसात असा रुंद टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागला, की स्टिअरिंग हातात असूनही गाडी तुमचं ऐकत नाही. शिवाय ही पकड रबर गरम झाल्यावरच मिळते. घरून निघाल्यावर पहिल्या काही किलोमीटरमध्ये ती मिळेल असं गृहीत धरू नका. 'सगळ्यात जास्त पकडवाला द्या' असं दुकानात म्हणणाऱ्यांची फसगत इथे होते.

तिसरा, ऑल सीझन. कोरड्या रस्त्यावर थोडी पकड सोडून थंडीतही चालणारा. न्यू जर्सी किंवा शिकागोत राहणाऱ्या आणि एकाच गाडीवर वर्ष काढणाऱ्या मराठी मंडळींना हा उपयोगी. जर्मनीत असाल तर मात्र बर्फाळ रस्त्यावर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेला टायर कायद्यानेच लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं 'एम प्लस एस' चालत नाही.

टिकाऊपणाचा अंदाज 'ट्रेडवेअर' या आकड्यावरून येतो. पायलट स्पोर्ट ४एसवर ३०० लिहिलेलं असतं, तर कप २ वर १८०. आकडा जितका लहान, तितका टायर लवकर झिजणारा. फक्त हा आकडा कंपनी स्वतः ठरवते, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांची तुलना त्यावरून काटेकोर करू नका.

तिसरा प्रश्न : टायर याच गाडीसाठी बनलाय का?

९९२ पिढीच्या ९११ करेराला पुढे २३५/४० झेडआर १९ आणि मागे २९५/३५ झेडआर २० माप येतं. २३५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ४० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ४० टक्के आणि १९ म्हणजे रिमचा व्यास इंचात. हिशेब केला तर पुढच्या टायरची बाजू फक्त ९४ मिलिमीटर उंच. मारुती स्विफ्टच्या १६५/८० आर १४ टायरची बाजू १३२ मिलिमीटर. खड्ड्यात आपटल्यावर स्विफ्ट निभावते आणि स्पोर्ट्स कारचा रिम वाकतो किंवा टायरला फुगा येतो, त्याचं कारण हे. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेत. त्यावर दुरुस्ती नाही, टायर बदलणं हाच उपाय.

मापाच्या पुढे भार आणि वेगाचे कोड असतात. भाराचा कोड १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो. वेगाचा 'डब्ल्यू' म्हणजे ताशी २७० किलोमीटर, 'वाय' म्हणजे ३००. आता कुणीही विचारेल, एक्सप्रेस वेवर १०० ची मर्यादा असताना ३०० चा टायर कशाला? कारण हा कोड उष्णता सोसण्याची ताकदही सांगतो आणि गाडीचं सस्पेन्शन त्याच ताकदीचा टायर धरून बेतलेलं असतं. कंपनीने दिलेल्या कोडच्या खाली जाऊ नका.

आणखी एक बारीक खूण असते. पोर्शेने तपासून मान्य केलेल्या टायरवर एन० किंवा एन१ अशी अक्षरं असतात. बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी 'एमओ', ऑडीसाठी 'एओ'. बाहेरून नाव आणि माप तेच, पण आतली रचना किंवा रबराचं मिश्रण त्या गाडीसाठी बदललेलं असतं. ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं, त्यामुळे तिथे हा फरक जाणवतो. खूण नसलेला टायर वाईटच असतो असं नाही. पण पुढे खुणेचा आणि मागे बिनखुणेचा, अशी खिचडी करू नका.

दोन बदलू की चार?

मागच्या चाकांवर ताकद जाते, म्हणून मागचे टायर आधी संपतात. मापं वेगळी असल्याने पुढचे मागे टाकून झीज सारखी करण्याची सोयही नाही. मग फक्त मागचे दोन बदलता येतात का? येतात, पण अटी आहेत. पुढच्यांचं वय कमी हवं, त्यांची नक्षी पुरेशी हवी आणि नवी जोडी त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची हवी. एकाच बाजूचा एकच टायर बदलणं टाळा. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांत पुढच्या-मागच्या झिजेत फार फरक पडला तर गिअर यंत्रणेवरही ताण येतो.

आपल्याकडे कायद्याने किमान १.६ मिलिमीटर नक्षी लागते. रुंद टायरच्या गाडीने पावसाळ्यात त्या आकड्याची वाट बघू नये.

बसवल्यानंतर

व्हील अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवे टायर एका कडेने खाल्ले जातात. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवा, कारण नव्या रबराची पूर्ण पकड लगेच मिळत नाही. हवा टायर थंड असताना, दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे पोर्शे कुठे आहे? नसू दे. ते चार आकडे तुमच्या स्विफ्टच्या टायरवरही आहेत आणि वर्षभर सोसायटीत उभ्या असलेल्या बाबांच्या जुन्या गाडीवरही. रस्त्याला टेकणारे तळहात तिथेही चारच. आज खाली गेलात की मोबाईलचा टॉर्च लावून एकदा वाचा आणि तुमच्या गाडीवर कोणतं वर्ष निघालं ते आम्हाला कमेंटमध्ये नक्की सांगा.